काळीत दडलेले पाट

मराठी मुलुखात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जातात. वस्तीची ती पांढर आणि पिकाची ती काळी. चुलीची राख, मोडकी भांडी, पडलेल्या भिंतींची माती, गुराढोरांचे शेण यांचे थर शेकडो वर्षे साचत गेले आणि पांढरीची टेकाडे उभी राहिली. महाराष्ट्राचा प्राचीन इतिहास पुरातत्त्वज्ञांनी उलगडला तो मुख्यतः या टेकाडांतून. जोर्वे, नेवासे, दायमाबाद, इनामगाव ही नावे त्यातूनच सर्वांना परिचित झाली. मात्र ज्या शेतीच्या बळावर ही गावे जगली, ती काळी फारशी कोणी खणली नाही. पिकाला पाणी कोठून येत होते, ते कोण वाटत होते आणि ही व्यवस्था कधी बंद पडली, या प्रश्नांची उत्तरे जुन्या पाटांच्या, चरांच्या आणि बांधांच्या अवशेषांत दडलेली आहेत. हे अवशेष मातीचेच असल्याने ते ओळखणे अवघड आणि पुसणे मात्र अतिशय सोपे आहे.

शेतीला पाणी देणाऱ्या प्राचीन कालव्यांचा शोध हा जगभरात पुरातत्त्वाचा एक महत्त्वाचा विषय झाला आहे. या अभ्यासात महाराष्ट्रालाही स्थान आहे, कारण भारतीय उपखंडातील अशा बांधकामाच्या जुन्या पुराव्यांपैकी एक पुणे जिल्ह्यात सापडला आहे.

इनामगावचा बांध

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगाव हे खेडे आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा भाग अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. येथील प्राचीन वस्तीचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात टप्प्याटप्प्याने केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली हे काम झाले. त्याचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. योगायोग असा, की राज्याला होरपळून काढणारा १९७२ चा दुष्काळही याच काळातला.

इनामगावच्या वस्तीचे तीन कालखंड मानले जातात. माळवा संस्कृतीचे लोक इसवी सनपूर्व १६०० च्या सुमारास येथे आले. इसवी सनपूर्व १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे काळ म्हणजे गावाच्या भरभराटीचा काळ. त्यानंतर इसवी सनपूर्व ७०० पर्यंत उत्तर जोर्वे काळ. या तिन्ही काळांतील मिळून १३० हून अधिक घरांचे अवशेष उत्खननात सापडले. एखाद्या ताम्रपाषाणयुगीन खेड्याचा एवढा विस्तृत अभ्यास भारतात क्वचितच झाला असेल.

पूर्व जोर्वे काळातील थरांत उत्खननकर्त्यांना दोन विशेष गोष्टी आढळल्या. पहिली म्हणजे खोल खोदलेला एक कालवा. तो सुमारे चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल होता. दुसरी म्हणजे दगडगोटे मातीत बसवून घातलेला बांध. त्याची लांबी सुमारे २४० मीटर, तर रुंदी दोन मीटरपेक्षा थोडी अधिक होती. पुराच्या वेळी नदीचे चढलेले पाणी बांधाने अडवून वस्तीचे रक्षण करायचे आणि ते कालव्यात वळवून शेतीसाठी उपयोगात आणायचे, असा या रचनेचा हेतू असावा, अशी मांडणी उत्खननकर्त्यांनी केली.

या आकड्यांचा अर्थ साध्या हिशेबाने लक्षात येतो. कालव्याच्या कडा उभ्या होत्या असे धरले, तर दर १०० मीटर लांबीसाठी सुमारे १,४०० घनमीटर माती काढावी लागते. कडा उतरत्या असतील तर हा आकडा कमी होईल. तरीही ज्या काळात लोखंड वापरात नव्हते आणि तांबे दुर्मीळ होते, त्या काळात एवढी माती उपसणे हे एका कुटुंबाचे काम नव्हे. अनेक घरांतील माणसांनी एकत्र यायचे, हंगाम पाहून खोदायचे आणि नंतर दरवर्षी गाळ काढायचा, हे ठरवणारी काही तरी व्यवस्था गावात असली पाहिजे.

त्या व्यवस्थेच्या खुणाही पांढरीत मिळाल्या. गावातील बहुतेक घरे एका मोठ्या खोलीची होती. पाच खोल्यांचे एक घर मात्र वेगळे होते आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार होते. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात पुरलेल्या एका पुरुषाचा सांगाडा आढळला. इनामगावात प्रौढ व्यक्तींना पुरताना त्यांची पावले घोट्यापासून तोडण्याची रीत होती. या पुरुषाची पावले मात्र शाबूत होती. हे घर गावच्या प्रमुखाचे असावे आणि धान्याचा साठा त्याच्या देखरेखीखाली राहत असावा, असे अभ्यासक मानतात. कालवा, कोठार आणि प्रमुखाचे घर या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या, की तीन हजार वर्षांपूर्वीच्या दख्खनी खेड्यात पाणी आणि धान्य यांचे नियमन कसे होत असावे, याची कल्पना येते.

या अनुमानाला आधार देणारा आणखी एक पुरावा जळलेल्या धान्याचा आहे. इनामगावात सातू, गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ, वाल अशी धान्ये व कडधान्ये मिळाली. सातू हे मुख्य पीक होते. त्याला पाणी कमी लागते. गव्हाला मात्र अशा कोरड्या भागात हिवाळ्यात बाहेरून पाणी द्यावे लागते. म्हणूनच पूर्व जोर्वे काळात गहू मिळणे ही कालव्याच्या उपयोगाची अप्रत्यक्ष साक्ष मानली जाते.

इसवी सनपूर्व १००० नंतर चित्र बदलले. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेतीचे प्रमाण घटले, शिकार आणि पशुपालन यांवरचा भर वाढला. पाऊसमान कमी झाल्याने हे घडले, असे मत ढवळीकर यांनी मांडले होते. त्यावर अभ्यासकांत चर्चा सुरू आहे. अखेर इसवी सनपूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडले.

चर म्हणजे कालवा कशावरून?

वस्तीजवळ आढळणारा प्रत्येक लांबट खड्डा कालवा नसतो. तो संरक्षणासाठी खणलेला खंदक असू शकतो, सांडपाण्याचा चर असू शकतो, बैलगाडीची जुनी वाट किंवा नैसर्गिक ओहोळही असू शकतो. त्यामुळे पुरातत्त्वज्ञ एका खुणेवर भिस्त ठेवत नाहीत.

पहिली कसोटी आडव्या छेदाची. संशयित पाटाला काटकोनात खड्डा घेतला, की त्याच्या तळाचा आणि कडांचा आकार भिंतीवर उमटतो. माणसाने खणलेल्या पाटाच्या कडा नियमित असतात, ओहोळाच्या वेड्यावाकड्या. दुसरी कसोटी गाळाची. वाहत्या पाण्याने तळाशी जाड रेती येते, पाणी संथ झाले की वर बारीक माती बसते. दरवर्षी गाळ उपसला जात असेल, तर पाटाच्या दोन्ही काठांवर त्या गाळाचे ढीग साचतात आणि काठ आजूबाजूच्या शेतापेक्षा उंच होतात. उंच काठ हा पाट दीर्घकाळ वापरात होता याचा मोठा पुरावा असतो. खंदकाच्या गाळात अशी दरवर्षीच्या सफाईची खूण सहसा दिसत नाही.

तिसरी कसोटी जीवांची. गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शिंपले आणि सूक्ष्म शेवाळांची कवचे गाळात टिकून राहतात. त्यावरून पाणी वाहते होते की साचलेले, हे समजते. चौथी कसोटी उताराची. कालवा नदीपासून निघून शेताच्या वरच्या कडेने अगदी मंद उताराने जातो. उतार जास्त झाला तर पाणी काठ खाते, कमी झाला तर गाळ बसतो. प्राचीन कारागिरांनी हा उतार कसा साधला, हे पातळीयंत्राने मोजता येते. उतार जुळत नसेल तर तो पाट असल्याचा दावा टिकत नाही.

पाटाचे वय ठरवणे हे त्याहून कठीण काम. वस्तीच्या थरात खापरे, मणी, कोळसा असे भरपूर साहित्य मिळते. शेतातल्या पाटात बहुधा माती आणि रेतीच असते. कोळसा मिळाला तर कार्बन कालमापन करता येते. परंतु तो कोळसा वरच्या भागातून वाहून आलेला आणि पाटापेक्षा जुना असण्याची शक्यता असते. म्हणून अलीकडच्या दशकांत प्रकाशदीप्ती कालमापनाची पद्धत वापरली जाऊ लागली. वाळूच्या कणावर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला, हे या पद्धतीने मोजतात. म्हणजे कण गाळाखाली कधी गाडला गेला, याचे उत्तर मिळते. पाट भरत कधी आला आणि त्याची सफाई कधी थांबली, हे सांगण्यास ही पद्धत विशेष उपयोगी ठरते.

काळ्या मातीची अडचण

दख्खनच्या काळ्या जमिनीत हे सर्व तंत्र वापरताना एक वेगळीच अडचण येते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला खोल भेगा पडतात. वरची माती, खापराचे तुकडे, धान्याचे दाणे त्या भेगांतून खाली जातात. पुन्हा पाऊस आला की भेगा मिटतात. हे चक्र शेकडो वर्षे चालले, की थरांच्या सीमा पुसट होतात. वाळूच्या किंवा पोयट्याच्या प्रदेशात चराची कड रेघ मारावी तशी स्पष्ट दिसते, तशी ती काळ्या जमिनीत दिसत नाही. जमिनीखाली लहरी सोडून अवशेष शोधणाऱ्या रडार यंत्रालाही चिकणमाती फारशी साथ देत नाही. तिच्यात लहरी लवकर विरतात.

शहरांना पाणी पुरवणाऱ्या जुन्या नळांचे तसे नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात बांधलेली नहर दगड, चुना आणि खापरी नळांची होती. तिचे भाग आजही ओळखता येतात. शेताकडे जाणारा पाट मात्र शेतकऱ्याने कुदळीने ओढलेला, मातीचाच. राजाची नहर शिल्लक राहिली आणि कुणब्याचा पाट विरून गेला, यामागे बांधकामाच्या साहित्यातील हा फरक आहे. इतिहासाच्या पुस्तकांत नगराच्या पाणीपुरवठ्याला जेवढी पाने मिळतात तेवढी शेतीच्या पाण्याला मिळत नाहीत, याचेही एक कारण हेच.

दोन देश, दोन अनुभव

पाट टिकतो कधी आणि नाहीसा होतो कधी, हे समजण्यासाठी परदेशातील दोन उदाहरणे बोलकी आहेत. इराकमध्ये मंदली गावाजवळील चोगा मामी येथे १९६७-६८ मध्ये झालेल्या उत्खननात इसवी सनपूर्व सहाव्या सहस्रकातील पाट आढळले होते. मात्र मेसोपोटेमियातील बहुतेक ठिकाणी जुन्या कालव्यांवर पुढच्या पिढ्यांनी नवे कालवे काढले किंवा नदीच्या गाळाने ते झाकले गेले.

दक्षिण इराकमधील एरिडू हा प्रदेश त्याला अपवाद ठरला. युफ्रेटिस नदीने इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकाच्या सुरुवातीला पात्र बदलले. पाणी तुटल्याने माणसे निघून गेली आणि तेथील शेतजमीन तशीच पडून राहिली. उपग्रहांची जुनी छायाचित्रे, ड्रोनने घेतलेली चित्रे आणि प्रत्यक्ष पाहणी यांच्या आधारे या भागातील कालव्यांचे जाळे संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. नदीच्या जुन्या पात्रातून निघणारे २०० हून अधिक मोठे कालवे, त्यांना जोडलेल्या ४,००० हून अधिक लहान चाऱ्या आणि ७०० हून अधिक शेते त्यात नोंदवण्यात आली. नदीच्या नैसर्गिक उंच काठाला खिंड पाडून पाणी खाली शेतात सोडण्याची त्यांची पद्धतही त्यातून स्पष्ट झाली. नदी रुसली म्हणून माणसांना गाव सोडावे लागले, पण त्यामुळेच शेतीचा नकाशा शाबूत राहिला.

अमेरिकेतील फिनिक्स शहराची कथा याच्या नेमकी उलट आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटात सॉल्ट नदीच्या खोऱ्यात होहोकाम लोकांनी सुमारे एक हजार वर्षे कालव्यांची शेती केली. इसवी सन १४५० च्या सुमारास ही व्यवस्था मोडली. एकोणिसाव्या शतकात, १८६७ नंतर तेथे आलेल्या वसाहतकारांना शेकडो किलोमीटर लांबीच्या या कोरड्या कालव्यांच्या खुणा दिसल्या. त्यांतील काही साफ करून त्यांनी पुन्हा पाणी सोडले. पुढे त्याच जमिनीवर मोठे शहर वसले आणि बहुतेक कालवे रस्ते व इमारतींखाली गेले. मात्र शहराने १९२९ पासून स्वतःचा पुरातत्त्वज्ञ नेमला. जुन्या कालव्यांचे नकाशे आधीच तयार झाले होते. त्यामुळे रस्त्याचे किंवा इमारतीचे खोदकाम करताना कालवा लागला, तर तो नष्ट होण्यापूर्वी त्याचा छेद नोंदवून घेण्याची प्रथा तेथे रुजली. शहर थांबले नाही, तरीही कालव्यांची माहिती वाचली.

खानदेशातील फडाचे पाट

महाराष्ट्रात शेतीच्या जुन्या कालव्यांचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतील फड पद्धती. पांझरा, मोसम, आरम या सह्याद्रीतून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांवर ती विकसित झाली. तिचे वय साधारणपणे तीनशे ते चारशे वर्षे मानले जाते. साक्री, बागलाण, मालेगाव या तालुक्यांत तिचे अवशेष आणि काही ठिकाणी ती प्रत्यक्ष वापरातही पाहायला मिळाली आहे.

नदीवर दगड-चुन्याचा बंधारा घालायचा. बंधाऱ्याच्या एका टोकाकडून पाट काढायचा. पाटाला चाऱ्या फोडायच्या आणि त्यांतून शेताशेताला पाणी द्यायचे, अशी ही रचना. बंधाऱ्याचे काम धरणासारखे पाणी साठवण्याचे नव्हते. नदीची पातळी पाटाच्या तोंडापर्यंत उचलणे, एवढेच त्याचे काम होते. पुढे पाणी केवळ उताराने वाहे. एका बंधाऱ्याखालील भिजणाऱ्या सर्व जमिनीला थळ म्हणत. थळाचे फड पाडले जात आणि एका फडात एका हंगामात एकाच प्रकारचे पीक घेतले जाई. एका फडात ऊस, दुसऱ्यात रब्बीचे पीक, तिसऱ्यात कमी पाण्याचे पीक अशी वाटणी असे आणि ती आळीपाळीने बदलत असे. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्याने पाण्याचा लाभ आणि टंचाईचा तोटा दोन्ही सर्वांच्या वाट्याला येत.

हा कारभार पाहण्यासाठी पंच असत. पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, देखरेख करणारा हवालदार अशी माणसे नेमलेली असत. त्यांचा मोबदला धान्याच्या रूपाने दिला जाई. पाटाचा गाळ काढण्यासाठी थळातील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन श्रम करायचे, असा दंडक होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विहिरी आणि विजेचे पंप वाढले. ज्याच्याकडे विहीर आहे त्याला फडाच्या शिस्तीची गरज उरली नाही. नद्यांच्या वरच्या भागात धरणे झाल्याने खालच्या बंधाऱ्यांचा प्रवाह बदलला. उसाचे क्षेत्र वाढले, एका फडात एक पीक हा नियम सैल झाला. सामुदायिक सफाई थांबली, तसे पाट भरू लागले. पुढे जाऊन पाहणाऱ्याला दगडी बंधारा दिसेल, पण त्यातून निघालेला पाट दिसणार नाही, अशी स्थिती अनेक थळांत आली.

इनामगावच्या कालव्याचा अर्थ लावताना फड पद्धतीचा अभ्यास म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. दोन्हींमध्ये हजारो वर्षांचे अंतर आहे. फड हा इनामगावचा थेट वारस आहे, असे म्हणण्याला आधार नाही. मात्र सफाई थांबली की पाट किती वर्षांत भरतो, उंच काठ कसे तयार होतात आणि त्यामागे किती माणसांचा करार लागतो, हे फडाच्या पाटात प्रत्यक्ष मोजता येते. जमिनीत गाडलेला पुरावा वाचण्याची ती बाराखडी आहे.

दप्तरातील पाट

जमिनीवरील खूण पुसली, तरी कागदावर ती कधी कधी शिल्लक राहते. मराठी महसुली परिभाषेत बागायत जमिनीचे पाटस्थळ आणि मोटस्थळ असे दोन प्रकार होते. पाटाच्या पाण्यावर भिजणारी ती पाटस्थळ, विहिरीवर मोट चालवून भिजवलेली ती मोटस्थळ. दोन्हींच्या आकारणीत फरक असे. १८३६ च्या सुमारास विंगेट आणि गोल्डस्मिड यांच्या मोजणीला इंदापूर तालुक्यातून आरंभ झाला आणि पुढे गावोगावच्या जमिनींची प्रतवारी झाली. त्या दप्तरांत एखादे शेत पाटस्थळ म्हणून नोंदलेले असेल आणि आज तेथे कोणताही पाट नसेल, तर पुरातत्त्वज्ञाने पाहणी कोठे करावी याचा तो थेट पत्ता ठरतो.

पूर्व विदर्भातही असा लेखी आधार आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीच्या जिल्ह्यांत गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने हजारो तलाव बांधले आणि त्यांच्या पाण्यावर धानाची शेती उभी केली. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यानंतर हे तलाव सरकारकडे गेले. ते आज माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. त्यांच्या पाण्यावरील गावाचे हक्क वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक या कागदांत नमूद आहेत. तलावाची पाळ डोळ्यांना दिसते, परंतु तिच्यातून निघणारे पाट कोठून कोठे जात, हे समजण्यासाठी या कागदांचा मोठा उपयोग होतो.

याशिवाय आकाशातून टिपलेल्या जुन्या छायाचित्रांचा खजिना आहे. अमेरिकेच्या कोरोना नावाच्या टेहळणी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात घेतलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. त्यानंतर जगभर ट्रॅक्टरची नांगरट, सपाटीकरण आणि नागरीकरण वाढले. म्हणून त्या छायाचित्रांत जी रेघ दिसते ती आजच्या चित्रात दिसेलच असे नाही. एरिडूसारख्या ठिकाणी ही छायाचित्रे उपयुक्त ठरली ती याच कारणाने.

कायद्याची मर्यादा

पुरातत्त्वीय स्थळांच्या संरक्षणासाठी केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटरचे प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरचे नियंत्रित क्षेत्र २०१० च्या दुरुस्तीने ठरवून दिले. किल्ला, मंदिर, लेणी किंवा पांढरीचे टेकाड यांना ही चौकट लागू करता येते, कारण त्यांना हद्द असते. पाट मात्र काही मीटर रुंद आणि काही किलोमीटर लांब असतो. तो अनेक शेतकऱ्यांच्या खासगी जमिनींतून जातो. त्यावर दरवर्षी नांगर चालतो. असा अवशेष संपूर्ण संरक्षित करणे व्यवहारात शक्य नाही आणि पोटापाण्याच्या शेतीला त्यासाठी अडवणे न्याय्यही होणार नाही.

जगात काही ठिकाणी यावर वेगळा मार्ग काढण्यात आला. ओमानमधील अफलाज कालवे २००६ मध्ये, बालीतील सुबक ही भातशेतीची पाणीव्यवस्था २०१२ मध्ये आणि इराणमधील कनात २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले. या व्यवस्था आजही पाणी देतात. वारसा म्हणून तेथे केवळ दगडमातीचे अवशेष धरलेले नाहीत. पाणी वाटून घेण्याचे नियम आणि ते पाळणारा समाज यांनाही त्यात स्थान मिळाले आहे.

महाराष्ट्रात गेल्या दशकात शिवारात यंत्राने माती हलवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झाले. त्यापाठोपाठ मागेल त्याला शेततळे, गाळमुक्त धरण अशा योजना आल्या. नाला खोलीकरण, बांधबंदिस्ती, शेततळी ही दुष्काळी गावांची गरज आहे, याविषयी दुमत नाही. मात्र जुन्या पाटाचा हजार वर्षांचा गाळ उत्खनन यंत्र एका दिवसात उचलू शकते, हेही तितकेच खरे. पांढरीची सुपीक माती खत म्हणून शेतात नेण्याची जुनी रीत आहे आणि तीमुळे अनेक टेकाडे झिजली. तोच धोका आता यंत्रांच्या रूपाने काळीपुढे उभा आहे.

नोंद हेच संरक्षण

पाट वाचवता येत नसेल, तरी त्याची माहिती वाचवता येते, हा फिनिक्सचा धडा आहे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. गाव नकाशा, जुनी मोजणी आणि पाटस्थळाची नोंद एकत्र पाहिली, की संभाव्य ठिकाणांची यादी तयार होऊ शकते. विहीर किंवा शेततळे खणताना काळ्या मातीच्या भिंतीत रेतीचा वाटीसारखा खोलगट पट्टा दिसला, त्यात गोगलगायींचे शिंपले आढळले, किंवा दोन समांतर उंचवट्यांमधून सखल पट्टा शेतांच्या पलीकडेपर्यंत गेलेला दिसला, तर ती जुन्या पाटाची खूण असू शकते. अशा वेळी मोजपट्टी किंवा फावडे शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे, ठिकाण आणि खोली लिहून ठेवावी आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठातील पुरातत्त्व शाखेला कळवावे. कामही थांबत नाही आणि पुरावाही हातचा जात नाही.

गावातील वृद्धांच्या आठवणींनाही यात मोल आहे. शेताला पाटाचे शेत का म्हणतात, पाटकऱ्याचे काम कोणत्या घराकडे होते, बंधारा शेवटचा केव्हा दुरुस्त झाला, ही माहिती कोणत्याही उपग्रहाला टिपता येत नाही. फड पद्धतीचा कारभार प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता वयोवृद्ध झाली आहे. पुढील काही वर्षांत ही माहिती उतरवून घेतली गेली, तर काळीचा इतिहास लिहिताना केवळ मातीच्या थरांवर अवलंबून राहावे लागणार नाही.